ओल्या पायांचा हिस्सा

"एकशे तीस," कोन मोजायची पट्टी बाजूला ठेवत मी म्हटलं. "सोमाभाऊ, तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा हात सत्तरच्या वर जात नव्हता. आठवतं का?"

"हो जी," सोमाभाऊ म्हणाले आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत बसले.

सहा महिन्यांची मेहनत होती. मला निदान एखादं हसू अपेक्षित होतं. शेजारी बसलेली त्यांची बायको, पार्वताबाई, तर माझ्याकडे अशी पाहत होती, जणू मी चुकून दुसऱ्याच कुणाचा खांदा बरा केलाय.

मी फिजिओथेरपिस्ट. बावीस वर्षं सरकारी दवाखान्यात काढली. सोमाभाऊ चामोर्शीकडच्या एका गावचे ढिवर, म्हणजे पिढ्यान् पिढ्या तलावात मासे धरणारे. खर्रा, म्हणजे घोटलेली तंबाखू-सुपारी, खाऊन खाऊन डाव्या गालाला कॅन्सर झाला. ऑपरेशन नागपुरात झालं. गालाच्या कॅन्सरमध्ये मानेतल्या गाठीही काढाव्या लागतात, आणि त्या गाठींना चिकटून एक नस खांद्याकडे जाते. ॲक्सेसरी नर्व्ह तिचं नाव. नावावरून वाटतं, जादाचा पार्ट असावा. पण खांदा उचलून धरणारा मोठा स्नायू याच नसेवर चालतो. ती कापली नाही, नुसती ताणली गेली, तरी खांदा खाली लोंबतो आणि हात वर जात नाही. रात्रंदिवस ठणकतो ते वेगळंच. पेशंट म्हणतो, कॅन्सर गेला पण हातही घेऊन गेला.

सोमाभाऊंची नस ताणलेली होती. अशी नस हळूहळू जागी होते, तोवर बाकीचे स्नायू शिकवून ठेवायचे. भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा. रबराची पट्टी ओढायची. त्यांनी घरी सायकलच्या ट्यूबची पट्टी केली. रोज बोटं कुठवर पोचली, त्याची पार्वताबाईने भिंतीवर कोळशाने रेघ मारून ठेवली. असा इमानदार पेशंट मला क्वचितच मिळाला.

आमच्या विभागप्रमुख सरांनी फाईल पाहिली. "एकशे तीस? उत्तम. फाईल क्लोज करा, मॅडम."

"सर, पेशंट खूश दिसत नाही."

"फॉर्ममध्ये खुशीचा कॉलम आहे का?"

नव्हता. मी सही केली.

पुढच्या आठवड्यात पार्वताबाई एकटीच आली. बाकावर बसली आणि पदराशी खेळत राहिली. मी पाणी दिलं, तेव्हा बोलली.

"मॅडमजी, तुमच्यावर राग नाई. पण मानूस घरातच बसून राहते. तलावावर जाऊन पाहे ना, तर जाळं खांद्यावरून घसरते."

"मग मला सांगितलं काऊन नाही?" इतकी वर्षं इथे राहून काही शब्द माझ्याही तोंडी बसलेत.

"ते म्हनत, मॅडम एवढी जीव लावून करून राह्यली, तिले कसं सांगू का फायदा नाई झाला म्हनून."

मग तिने हिश्श्याची गोष्ट सांगितली. त्यांच्या मच्छीमार संस्थेत मासे काठावरच वाटतात. त्या दिवशी ज्याचे पाय पाण्यात ओले झाले, त्याला हिस्सा. कोरड्या पायाच्या माणसाला नाही, मग तो अध्यक्ष का असेना. सोमाभाऊ आजारी पडल्यापासून लोक आपणहून त्यांचा हिस्सा घरी पाठवत होते. सोमाभाऊ त्याला हात लावत नव्हते. पार्वताबाई ते मासे शेजारी वाटून टाकायची आणि नवऱ्यासमोर वरणभात ठेवायची.

"पंधरा दिवसांत मोठी मासेमारी हाय. तेव्हा तरी उतरले नाई, तर ते संस्थेतून सोताचं नाव काढून घेतो म्हनून राह्यले. नाव काढलं ना मॅडमजी, तर हा मानूस उठनार नाई."

मला स्वतःची लाज वाटली. सहा महिने मी त्या माणसाला जाळं फेकण्यासाठी तयार करत होते. जाळं फेकतात कसं, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

रविवारी सकाळी मी त्यांच्या तलावावर गेले. दुसऱ्या एका ढिवरभाऊंनी फेकून दाखवलं. अर्धं जाळं डाव्या खांद्यावर टाकायचं, उरलेलं उजव्या हातात धरायचं. जाळ्याच्या काठाला शिशाचे मणी असतात. त्या काठाचा एक भाग दातात पकडायचा. मग अख्खं अंग फिरवून फेकायचं आणि नेमक्या वेळी दात सोडायचे. जाळं गोल उघडून पाण्यावर पडतं.

मी सोमाभाऊंकडे पाहिलं. त्यांनी तोंड उघडून दाखवलं. रेडिएशन द्यायच्या आधी त्यांचे बहुतेक दात काढले होते. तोंडही जेमतेम दोन बोटं उघडत होतं.

म्हणजे मी ज्या हाताचा कोन मोजत होते, तो हात डोक्यावर न्यायची गरजच नव्हती. गरज होती ओलं जाळं पेलणाऱ्या खांद्याची आणि दातांची. खांदा उतरता, त्यामुळे जाळं घसरणार. दात मुळात नाहीतच.

"उजव्या खांद्यावर घेऊन पाहा," मी सुचवलं. त्यांनी घेतलं. जाळं गाठोड्यासारखं धपकन पडलं. काठावर कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं वाटलं असतं.

मी बेल्ट, पट्टे, नागपूरहून काहीतरी मागवू, असं बोलत होते. पार्वताबाई ऐकत होती. "उद्या पाहू," एवढंच म्हणून ती घरी गेली.

पुढच्या रविवारी सोमाभाऊ एक विचित्र बंडी घालून आले. डाव्या खांद्याच्या टोकाला चुंबळ शिवलेली. बायका डोक्यावर हंड्याखाली ठेवतात, तीच कापडाची गोल चुंबळ. तिच्या कडेला जाळं अडून राहिलं. छातीशी कपडे वाळत घालायचा प्लास्टिकचा चिमटा घट्ट शिवलेला.

"हे दात," पार्वताबाई म्हणाली.

मी वजन कमी करायला लावलं, निम्मे मणी काढून. एका वेळी दहाच फेकी, मग खांद्याला विश्रांती, हेही कबूल करून घेतलं.

पहिल्या फेकीला चिमटा सुटलाच नाही. जाळं पुढे गेलं आणि सोमाभाऊ त्याच्यामागे. कमरेइतकंच पाणी होतं, पण ते जाळ्यात गुंतले आणि मला फक्त तो डावा खांदा दिसत होता. मी सँडलसकट पाण्यात शिरले. त्या हाताला धरून ओढायचं नाही, हे मला माहीत होतं, म्हणून काखेखालून धरून उठवलं. सोमाभाऊ उठले ते हसतच. सहा महिन्यांत पहिल्यांदा.

"दात लय घट्ट बसवले तुनं," ते बायकोला म्हणाले.

तिने जुना, ढिला पडलेला चिमटा शोधून शिवला. सोळाव्या की सतराव्या फेकीला जाळं उघडलं. पूर्ण गोल नाही, एका बाजूने चपटं. पण उघडलं. दहाचा करार केव्हाच मोडला होता आणि मला रागवायचं सुचलं नाही.

मोठ्या मासेमारीला सोमाभाऊ उतरले. मला ड्युटी होती, जाता आलं नाही. संस्थेत नाव तसंच आहे. खांदा अजून ठणकतो, थंडीत जास्तच. मी फाईल पुन्हा उघडली. 'दिलेली साधने' या रकान्यात लिहिलं: चुंबळ एक, चिमटा एक. सरांनी वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं.

"हे स्टोअरमध्ये मिळतं?"

"नाही सर. पेशंटच्या बायकोकडे."

आता माझ्या ओपीडीत कोन नंतर मोजते. आधी पेशंटला सांगते, पुढच्या वेळी कामाचं हत्यार घेऊन या आणि करून दाखवा. विळे येतात, कुऱ्हाडी येतात. गेटवरचा वॉचमन वैतागलाय.

मासेमारीच्या दुसऱ्या दिवशी पार्वताबाई पळसाच्या पानात बांधलेला एक रोहू माझ्या टेबलावर ठेवून गेली. सरकारी नोकरीत पेशंटकडून भेट घेता येत नाही, असं मी तिला सांगितलं.

"भेट नोहे जी," ती दारातून म्हणाली. "हिस्सा हाय. तुमचे पाय ओले झाले होते."