काजळाची मिशी

शेजारच्या मारवाडी घरात लग्न होतं. जालन्यात त्यांचं कापडाचं दुकान आहे आणि त्यांची मुलगी माझी शाळेपासूनची मैत्रीण. तिच्या भावाच्या लग्नाच्या आठवडाभर आधी आम्ही तिच्या खोलीत लॅपटॉपवर एक सिनेमा पाहिला. जुन्या काळातला एक मूर्तिकार. जन्म मुलीचा, पण त्याला जगायचं होतं पुरुष म्हणून. काकू, म्हणजे तिची आई, मेथी निवडत अधूनमधून बघत होत्या. मध्येच म्हणाल्या, "एवढं सगळं होऊन राह्यलं, ह्याची आई कुठंय?"

सिनेमात आई नव्हतीच.

काकू उठून गेल्यावर मैत्रीण म्हणाली, "मी त्या मूर्तिकारासारखीच आहे. मम्मीला सांगायचंय, पण तोंडच उघडत नाही." मी लॅपटॉप मिटला आणि तिच्याजवळ बसून राहिले.

वऱ्हाड सकाळीच जिंतूरला गेलं. त्यांच्यात नवरदेवाची आई फेऱ्यांना जात नाही, म्हणून काकू घरी. मैत्रीणही मुद्दाम थांबली. आईला सोबत म्हणून, असं सगळ्यांना सांगितलं. मागे राहिलेल्या बायका मग टूंटिया खेळतात. एक नवरा होते, एक नवरी, आणि खोटं लग्न लागतं. नवरा दर वेळी माझी मैत्रीणच.

भावाची जुनी शेरवानी, डोक्याला साफा, काजळानं काढलेली मिशी.

"कंवरसा, मिशी सांभाळा, ताकात बुडेल!" बायका तिला जावयाचा मान देत चिडवत होत्या.

"अगं बाई, नवरी राहिली बाजूला, नवरदेवच लाजून राह्यला!"

ती लाजत नव्हती. मी कोपऱ्यातून बघत होते. इतकी सैल, निवांत ती मला शाळेतही कधी दिसली नव्हती.

वऱ्हाड परतायच्या आत सगळं पुसून, आवरून ठेवायचं असा रिवाज. खेळ संपल्यावर बायका चहाला आत गेल्या. काकू खोबरेल तेलाची बाटली आणि कापूस घेऊन आल्या.

"ये जल्दी, पुसून देते."

मैत्रिणीनं त्यांचं मनगट धरलं. "राहू दे ना, मम्मी. मला असंच बरं वाटतं. खेळापुरतं नाही. रोजच."

काकू तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या. तेवढ्यात काकूंचा फोन वाजला. "हां, बराबर," एवढंच बोलून त्यांनी तो ठेवला. मग बाटलीचं झाकण लावलं.

"वऱ्हाडाची बस आत्ताशी मंठ्याला आलीय," त्या म्हणाल्या. "अजून तास तरी लागेल."

आणि तिचा तिरका झालेला साफा त्यांनी दोन्ही हातांनी सरळ केला.