यीस्टचं तेल आणि वरचा वर्ग

लातूरच्या आमच्या कॉलेजात मी यीस्टपासून तेल काढायच्या नादाला लागले होते. साखर कारखान्यातून पातळ मळी आणायची, तिच्यात यीस्ट वाढवायचं, साखर भरपूर द्यायची आणि नत्र मात्र तोडायचं. असं अर्धपोटी ठेवलं की यीस्टची वाढ थांबते आणि ते अंगात चरबी साठवतं. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी तेलाच्या थेंबांनी टच्च फुगलेल्या दिसायच्या. याच्यावर उद्या ट्रॅक्टर चालेल, असं मी येईल-जाईल त्याला ऐकवायची. घरचे म्हणायचे, आधी भजी तरी तळून दाखव.

हे यीस्ट हवेशिवाय सुस्तावतं, म्हणून फ्लास्क सतत हलवणारी एक जड मशीन होती. ती सुरू झाली की भिंती थरथरायच्या. वरचा मजला संस्थेने कोचिंगवाल्यांना दिला होता. भूकंपाला बरीच वर्षं झाली होती, तरी भांडं वाजलं की अंगणात पळायची आम्हा लातूरकरांची सवय गेली नव्हती. मशीन पहिल्यांदा लावली तेव्हा सगळा वर्ग धडाधड जिना उतरून खाली आला. पोरांचा अभ्यास बुडतोय म्हणून तिथले सर वैतागले. शेवटी मीच वर जाऊन समजावलं, की बाक हलला तर घाबरू नका, ती माझी मशीन आहे. पोरं लवकर सरावली. इतकी, की लिहिता हातसुद्धा थांबेना. माझी मुलगीही त्यांच्यातच, बारावीला होती. मला तेव्हा हायसं वाटलं होतं. त्या हायसं वाटण्याची आज भीती वाटते.

एका दुपारी लाइट गेली. वर इन्व्हर्टर होता, खाली नव्हता. मशीन थांबली, यीस्ट तळाशी बसायला लागलं. मी चरफडत तिथेच उभी होते, तेवढ्यात फ्लास्कमधली मळी डुचमळायला लागली. काचेवर काच किणकिणली. मशीन तर बंद होती.

मी जिना कशी चढले ते आठवत नाही. वर पंखे फिरत होते, तावदानं वाजत होती आणि सगळ्यांच्या माना वहीत होत्या. मी बाहेर चला म्हणाले, तर सर फळ्याकडून न वळताच बोलले, "बसा रे, मॅडमची मशीन हाय."

दाराजवळच्या बाकावर माझी मुलगी होती. मी तिचं मनगट धरलं. तिने ओशाळून आजूबाजूला पाहिलं आणि हळूच म्हणाली, "आई, मशीन बंद कर ना. अक्षर हलायलंय."