नकाशात एक विहीर जास्त

लातूर नुकताच जिल्हा झाला होता आणि जिल्ह्याला सगळंच नवं लागत होतं: खुर्च्या, शिक्के, पाट्या आणि नकाशे. जुने नकाशे पारदर्शक कागदावर शाईनं उतरवून घ्यायला एका कार्यालयात ट्रेसरच्या जागा निघाल्या. मी लोह्याची, नांदेडला आयटीआय केलेली, वय वीस. सहा महिन्यांची तात्पुरती ऑर्डर मिळाली. आमच्या घरात सरकारी कागदावर नाव आलेली मी पहिलीच. बुद्धवंदना झाली की वडील ती ऑर्डर गल्लीला मोठ्यानं वाचून दाखवत, खालच्या ‘प्रत माहितीसाठी’सकट.

वडिलांना एक गोष्ट माहीत नव्हती. एकटी असले की माझी रेघ सरळ यायची, आणि मागं कुणी उभं राहिलं की तिला हिवताप भरायचा. पहिल्याच आठवड्यात एक अख्खा कागद बाद झाला. साहेब ओरडले असते तर बरं झालं असतं. ते नुसते म्हणाले, “दुसरा वाया गेला तर ऑर्डर संपली असं समजा.” आणि चहा प्यायला लागले.

मग हेड ड्राफ्ट्समननं मला हाताशी धरलं. सगळे त्यांना मास्तर म्हणत. पांढरी दाढी, निवृत्तीला वर्ष राहिलेलं, निजामाच्या काळात नकाशे शिकलेले.

“बेटा, पेनाच्या टोकाकडं बघू नको. रेघ जिथं पोचायची तिथं बघ. सायकल चालवताना चाकाकडं बघतीस का?”

“मला सायकल येत नाही, मास्तर.”

“बरोबर. म्हणूनच पडायलीस.”

रेघ ओढायची ती श्वास सोडता सोडता, हेही त्यांचंच. रोज ते आपला जेवणाचा डबा माझ्यापुढं ठेवत, दहा मिनिटं बघायला लावत आणि मग डब्याकडं पाठ करून काढायला सांगत. डब्याला तीन कड्या होत्या. महिनाभर मी दोनच काढत होते. “हात वाईट नाही तुझा,” ते म्हणायचे, “नजर आळशी हाय. न बघितलेलं काढू नको, बास.”

लातुरातल्या भाड्याच्या खोलीत पाटीवर ओल्या बोटानं वर्तुळं काढायची. उन्हाळ्यात पाणी लगेच उडतं, म्हणून वर्तुळ वाळायच्या आत पुरं करावं लागतं. हात आपोआप न थांबता फिरतो. त्याला अर्धी वाटी पाणी लागे. पण त्या वर्षी आमच्या नळाला चार दिवसांआड पाणी होतं. घरमालकीण दारातून बघायची. “चित्राला पाणी पाजतीस का गं? तेवढ्यात माझी दोन भांडी निघाली असती.”

मे महिन्यातल्या एका दुपारी मास्तर रजेवर होते. वीज गेली, पंखा थांबला. उदगीरकडच्या एका लहान गावाचा नकाशा जवळजवळ झाला होता. कपाळावरचा घाम कागदावर पडला, तो पुसायला मी दचकून हात उचलला आणि पेनातून शाईचा टपोरा थेंब सुटला. दोन शेतांच्या मधोमध. वाळलेली शाई ब्लेडनं खरवडता येते. पण घामानं ओल्या कागदावर ब्लेड चालवलं की भोक पडतं. म्हणजे दुसरा कागद. म्हणजे वडिलांचं वाचन बंद.

आमच्या नकाशांवर छोटा भरीव गोल म्हणजे सरकारी विहीर. मी श्वास सोडला आणि त्या थेंबाला नीट गोल केलं.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी कागद उजेडाला धरला. “हा गोल बघा रे सगळ्यांनी,” ते म्हणाले. “असा हात चालला पाहिजे.” आयुष्यातली माझी ती पहिली शाबासकी, आणि ती थेंबाला मिळाली होती.

तीन आठवडे काही झालं नाही. मग एका सकाळी टँकरची यादी करणाऱ्या क्लार्कच्या टेबलाशी एक म्हातारी उभी दिसली.

“बाई, तुमच्या गावाला टँकर मिळत नाही. सरकारी विहीर आहे तुमच्यात.”

“कुठं हाय?”

“ही काय, नकाशात.” क्लार्कचं बोट माझ्या गोलावर होतं.

“मग नकाशातच घागर बुडवू का रे बाबा? दोन कोस चालायलोत आम्ही पाण्याला. आमच्या शिवारात हीर न्हाई.”

मास्तरांचं टेबल माझ्यापासून आठ पावलांवर. ती आठ पावलं मी कशी गेले ते मला आठवत नाही. बोलले एवढंच की तो गोल थेंब आहे. मास्तर रागावले नाहीत. चष्मा काढून पुसत बसले. “मी सगळ्यांना बोलावून दाखवला तो,” ते म्हणाले. मग मला साहेबांकडं घेऊन गेले.

साहेब म्हणाले, “जागेवर जा, गावाचा नवा नकाशा काढा, पंचांच्या सह्या आणा. तो आल्याशिवाय टँकर सुटणार नाही. तुमच्या ऑर्डरचं त्यानंतर बघू.”

दुसऱ्या दिवशी मास्तर आणि मी मोजणीची साखळी घेऊन गावात. बांधावर मी नकाशाचा पाट मांडीवर घेऊन बसले आणि वळून बघितलं, तर मागं अख्खं गाव. रिकाम्या घागरींसकट. माझी पहिली रेघ पाहून एक बाई हळूच म्हणाली, “ही काढायलीय की शिवायलीय?”

“ती बाभळ नाल्याच्या अलीकडं हाय,” म्हातारी म्हणाली. मी खोडलं. “आता देऊळ लई जवळ आलं.” पुन्हा खोडलं. चुकले तर ह्यांच्या घागरी तशाच राहणार, या धाकानं मी प्रत्येक झाड दोनदा बघत होते. असं मी तोवर काहीच बघितलं नव्हतं.

थेंबाची गोष्ट मी आल्या आल्या सांगून टाकली होती. मी शाई सांडली ती जागा म्हातारीनं मला दाखवायला लावली. तिथं तिच्या दिराचं खळं होतं. ती खळ्याच्या मधोमध उभी राहिली.

“इथं?”

“इथं.”

“हात सोपा हाय गं तुझा. आमच्या माणसांनी वर्षभर खांदलं, दगड लागला.”

संध्याकाळी पंचनामा झाला, पंचांत म्हातारीही होती. अंगठा द्यायची पाळी आल्यावर म्हातारीनं हात मागं घेतला. कागद स्वतःकडं ओढला आणि बोट फिरवत एकेक खूण विचारू लागली. हे काय? झाड. हे? देऊळ. हा ठिपका? मी वाकून बघितलं. मास्तरही वाकले. ती मुंगी होती, चालायला लागली.

“अजून कुठं हीर लपवली न्हाईस ना?”

“नाही, माय.”

मग तिनं अंगठा दिला.

टँकर तिसऱ्या दिवशी सुटला. क्लार्कनं सांगितलं, पण माझा विश्वास बसेना. ड्रायव्हर परत आल्यावर मी फाटकातच त्याला गाठलं: पाणी कुठं ओतलं, सगळ्यांना पुरलं का, म्हातारी होती का?

“होती की,” तो वैतागून म्हणाला. “टँकरवर चढून झाकण उघडायला लावलं मला. म्हणली, आधी बघू दे, खरंच हाय का.”