एकोणिसावी काच

शहराच्या जुन्या तटावर आजवर किती हल्ले झाले याची यादी मी करत होतो, आणि त्या यादीतला शेवटचा हल्ला माझाच निघाला. हत्यार : छत्री. वेळ : सकाळचे साडेनऊ.

तटाचा इतिहास सांगणारी एक लहानशी पुस्तिका लिहायचं काम देखभाल कचेरीने माझ्यावर सोपवलं होतं. माणसाला इतिहास लिहायला दिला की तो लिहायच्या आधी भेटेल त्याला सांगत सुटतो. मला त्या दिवशी भेटले तडामास्तर. "हे बघा मास्तर, खालचे थोराड दगड पहिल्या राजाचे, आणि ही वरची वीट त्याच्या पणतवाची," असं म्हणत मी वीट दाखवायला छत्री उगारली. कट्ट असा आवाज झाला आणि एकोणिसाव्या काचेचे दोन तुकडे झाले.

तडामास्तर हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण खऱ्या नावाने हाक मारली असती तर त्यांनी दुसराच कोणी आला असेल म्हणून मागे वळून पाहिलं असतं. तटाला एक्केचाळीस ठिकाणी तडे आहेत. प्रत्येक तड्यावर एक बोटभर रुंद काचपट्टी आडवी बसवलेली, दोन्ही टोकं गिलाव्याच्या गोळ्यात पक्की. काच वाकत नाही, ताणत नाही. भिंत केसभर सरकली तरी ती फुटते. रोज सकाळी एक ते एक्केचाळीस काचा बघायच्या आणि वहीत लिहायचं, एवढंच मास्तरांचं काम. वहीला रकाने तीन : नंबर, स्थिती, सही. एकतीस वर्षं स्थितीच्या रकान्यात एकच शब्द होता : 'शाबूत'. वहिनी म्हणायच्या, "यांना जेवण कसं झालंय विचारलं तरी शाबूत म्हणतात!"

मास्तर आणि वहिनी राहायचे तटाला पाठ लावून बांधलेल्या खोल्यांच्या ओळीत. पाठीमागची भिंत प्राचीन, म्हणून तिच्यात खिळा ठोकायला बंदी. वहिनींनी बिनखिळ्याचा संसार केला. आरसा दाराला, कॅलेंडर कपाटाला, बाकी सगळं आढ्यापासून दोऱ्यांनी लोंबतं. पहिल्यांदा गेलो तेव्हा एक पिशवी माझ्या कपाळावर आदळली. वहिनी म्हणाल्या, "भावजी, आमच्या घरात मान खाली घालूनच वागावं लागतं. यांना विचारा."

तेव्हा मास्तरही बोलायचे. मी त्यांना इतिहास ऐकवायचो : पहिल्या राजाने शेजारच्या राजाच्या धास्तीने तट बांधायला घेतला, चाळीस वर्षं लागली, आणि बुरुज पुरा होईपर्यंत तो शेजारी व्याही झाला होता. पुढे खरा वेढा एकदाच पडला. अकरा महिने. शत्रू कंटाळून तंबू गुंडाळत होता, तेवढ्यात मीठ संपलं म्हणून आतल्याच कोणीतरी दरवाजा उघडला. पुढे मग घोड्यांचे तबेले, धान्याची कोठारं आणि शेवटी कचेरीच्या माणसांच्या खोल्या.

"म्हणजे बाहेरून कधी पडलाच नाही," मास्तर म्हणाले होते.

"नाही."

"तट पोटातून जातात हो लेखक. बाहेर दोन बाजूंना दगड, मध्ये नुसती भर. भरीत पाणी मुरतं, भर खाली बसते, आणि पोट सुटतं." मग माझ्या पट्ट्याकडे बघून, "आता तुम्हाला मी काय सांगायचं!"

वहिनी गेल्या त्याला पावणेदोन वर्षं झाली. बरेच दिवस अंथरुणाला खिळून होत्या. मी भेटायला गेलो तर मास्तर निघाले होते. म्हणाले, "गेली. मंगळवारी," आणि पहिल्या काचेकडे चालू लागले. त्या मंगळवारच्या पानावरही एक्केचाळीस वेळा 'शाबूत' लिहिलेलं आहे. त्यांची मुलगी म्हणाली, "काका, बाबा रडतही नाहीत, माझ्याकडे राहायला येतही नाहीत." खोलीत दोऱ्यांना लोंबणाऱ्या पिशव्या तशाच होत्या. मास्तर त्यांच्याखालून मान खाली घालून जायचे, पावणेदोन वर्षं.

तर अशा माणसाची काच मी फोडली. तीही एकोणिसावी, म्हणजे नेमकी खोल्यांच्या ओळीतली, मास्तरांच्या आणि शेजारच्या खोलीची दारं जिथे समोरासमोर उघडतात त्या बोळातली. नियम असा की खोल्यांमागची काच फुटली तर आठ दिवसांत सगळी ओळ रिकामी करायची. मास्तरांनी काचेकडे, मग छत्रीकडे पाहिलं आणि म्हणाले, "फुटली."

"मास्तर, मी लेखी देतो. माझ्या छत्रीने फुटली, भिंतीने नाही. तुम्हाला खोलीतून कोणी हलवणार नाही!"

"द्या."

मी दोन पानी कबुलीजबाब लिहिला. कचेरीतले मोठे साहेब पोट धरून हसले, म्हणाले, "पुस्तिकेत हाही हल्ला घाला," आणि नवी काच बसवायचा हुकूम दिला. मी निर्धास्त झालो. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रायश्चित्त म्हणून मास्तरांची पाण्याची बादली उचलून मागोमाग गेलो.

बाकीच्या काचांमागे काळा तडा दिसतो. एकोणिसावीच्या मागे मात्र नीट गिलावा केलेला होता. मला वाटायचं, स्वतःच्या घरापाशी माणूस जरा हात राखून काम करत नाही, एवढंच. मास्तरांनी छिन्नी लावली. गोळे निघाले, मागचा गिलावाही पापुद्र्यासारखा निघाला. त्याच्याखाली आणखी एक काच होती. जुनी. मधोमध तुटलेली, आणि दोन तुकड्यांत माझ्या अंगठ्याचं नख मावेल एवढी फट.

तिच्या गोळ्यावर ओल्या गिलाव्याचा ठिपका देऊन त्यात ती फुटल्याची तारीख कोरली होती; वहिनी गेल्या त्याच्या तीन आठवडे आधीची.

मास्तर छिन्नीवरची धूळ पुसत म्हणाले, "डॉक्टर म्हणाले होते, आता हिला हलवू नका. नियमात आठ दिवस. म्हणून वर गिलावा करून दुसरी काच लावली."

"आणि नंतर?"

"नंतर वरची फुटायची वाट पाहिली. ती फुटली नाही."

रस्त्यावरून कोणाची तरी सायकल गेली. मला एकदम सुचलं. मी आवाज खाली आणला. "अहो, मग हे चांगलंच झालं की! पावणेदोन वर्षं वरची काच टिकली, म्हणजे भिंत थांबलीय. लावा पुन्हा गिलावा. काच मी फोडली हे लेखी आहे. कोणाला काय कळणार? आता तुम्ही लिहिलंत तर खोली जाईल, नोकरीही जाईल कदाचित."

शेजारच्या खोलीच्या दारात दरवानाची म्हातारी आई तटाच्या भिंतीला टेकून भांडी घासत होती. आम्हाला बघून तिने ओल्या हाताने ऊन अडवलं. "मास्तर, सगळं बरं आहे ना भिंतीचं?"

"थांबा मावशी, सांगतो," मास्तर म्हणाले. "तोवर तिथे टेकू नका."

मग त्यांनी वही गुडघ्यावर घेतली, एकोणीस नंबरपुढे 'सरकली' असं लिहिलं आणि जुन्या काचेवरची तारीख जशीच्या तशी उतरवून सही केली. उघड्या दारातून आतल्या पिशव्या दिसत होत्या. वाऱ्याने त्यातली एक आपल्या दोरीभोवती हळूहळू फिरत होती. मला राहवलं नाही. आठ दिवसांत ते सगळं दोरीवरून खाली काढायचं होतं, त्यांना एकट्याला.

"मास्तर," मी म्हणालो, "अहो, तुम्हाला काहीच वाटत नाही का हो?"

मास्तरांनी वही मिटली.

"त्याचा रकाना नाही."