घोडीला कळणारं गाणं

हे खरं तर सांगायचं नव्हतं. "शेडमधलं शेडमध्येच ऱ्हायला पाहिजे," असा पप्पांचा नियम आहे. पप्पा म्हणजे लग्नात वाजवणाऱ्या आमच्या बँडचे मास्तर. बारामतीत घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये प्रॅक्टिस चालते आणि मी कोपऱ्यात गृहपाठ करते. मी फारशी बोलत नाही, म्हणून मी तिथं आहे हे सगळे विसरतात. किस्से साठतात ते असे.

त्यातले बरेचसे एकाच गाण्याचे. एका मोठ्या गायकाचं जुनं, संथ गाणं. आजोबा सांगायचे, त्या काळी रेडिओवर ते पहिल्या नंबरावरून हलतच नव्हतं. दूर गेलेल्या माणसाची वाट बघायचं गाणं. आमचा बँड ते फक्त नवरीच्या पाठवणीला वाजवतो. क्लॅरोनेटवर रशीदचाचा. त्यांनी सूर धरला की आचारीसुद्धा झारा खाली ठेवतो.

*

या गाण्यात सुरुवातीला ढोलाला कामच नाही. एका लग्नात ढोलवाले पोपटमामा उभ्या उभ्या झोपले. दचकून जागे झाले ते थेट वरातीचा ठेका धरून! आईच्या गळ्यात पडलेली नवरी रडता रडता हसायला लागली.

पप्पा माफी मागायला गेले, तर नवरीची आई म्हणाली, "ऱ्हाऊ द्या मास्तर. पोरगी हसत गेली."

*

पाठवणी झाली की घोडीवाले आबा घोडीचं खोगीर उतरवतात आणि तिला हरभरे देतात. म्हणजे हे गाणं वाजलं की घोडीची सुट्टी.

इंदापूरला नवरदेव मारुतीच्या पाया पडून मांडवाकडे निघाला होता. मुहूर्त जवळ आलेला. एका म्हाताऱ्या पाहुण्यांनी मध्येच याच गाण्याची फर्माईश केली. पप्पांना नाही म्हणवेना. पहिली ओळ वाजली आणि घोडी भर रस्त्यात थांबली.

"आबा, हाका की तिला," नवरदेव वरून म्हणाला.

"तिची सुट्टी झालीया. आता हरभरं दिल्याबिगर ती हलायची न्हाय."

नवरदेव चालत मांडवात गेला.

*

गेल्या महिन्यात रशीदचाचांचा पुढचा दात हलायला लागला. क्लॅरोनेट त्याच दातावर टेकतं. डॉक्टर म्हणाले, काढावा लागेल. नवा बसवला तरी पहिल्यासारखं वाजेलच असं नाही.

शेडमध्ये पोपटमामा म्हणाले, "चाचा, ढोलावर या. हितं दात लागत न्हाईत."

कुणी हसलं नाही. चाचांनी क्लॅरोनेट पुसून पेटीत ठेवलं. "दात जायच्या आधी एकदा घरी वाजवायचंय," ते म्हणाले. "तिच्या पाठवणीला ऱ्हायलंय."

ती म्हणजे चाची; त्यांचं माहेर अंथुर्णे. त्यांच्या लग्नाला हाच बँड होता, पण क्लॅरोनेटवालाच नवरदेव झालेला. मग वाजवणार कोण? चाची अजून म्हणतात, "साऱ्या तालुक्याच्या पोरी वाजवून पाठवल्या तुमी. मी तेवढी मुकी आले."

*

दात काढायच्या आदल्या दुपारी आम्ही सगळे कन्हेरीला चाचांच्या दारात गेलो. बँडचे लाल कोट घालून. आबांनी घोडीपण आणली होती.

चाची पिठाच्या हातानं बाहेर आल्या. गाणं ओळखलं तशा म्हणाल्या, "नातवंडं झाली. आता कुठं पाठवताय मला?"

चाचा वाजवत राहिले. चाची हळूच उंबऱ्यावर बसल्या. घोडीनं आबांच्या खिशाला तोंड लावलं. पोपटमामांचा ढोल अगदी जागेवर आला.

गाणं संपलं. चाचींनी कोपरानं डोळे पुसले. "दवाखान्यात कधी जायचंय?"

"उद्या."

"परवा जावा. परत वाजवा."

चाचांनी दाताला जीभ लावून बघितली आणि क्लॅरोनेट उचललं. या वेळी चाचींनी डोळे मिटून घेतले, आणि तिसऱ्या कडव्याला त्या स्वतःच गायला—

"सई, लिहीत काय बसलीस?" पप्पांची हाक आली. "चहा टाक. रशीदचाचा दवाखान्यातनं आल्यात, क्लॅरोनेटची पेटी उघडा म्हणत्यात."