पश्चिमेकडचा उजेड
परवा कपाट आवरताना बाबांची वही हाती लागली आणि सरोजिनी नगरच्या आमच्या क्वार्टरची गच्ची डोळ्यांसमोर आली. आई गेल्यावर बाबा माझ्याकडे राहायला आले. सगळी नोकरी सरकारी फायलींत गेलेली, त्यामुळे दिवसभर घर त्यांना खायला उठायचं. त्या थंडीत रोज संध्याकाळी पश्चिमेच्या धुरकट आभाळात त्यांना एक झगझगीत दिवा दिसू लागला. "ड्रोन आहे, नजर ठेवतोय," म्हणत ते तारीख, वेळ, दिशा वहीत टिपायचे. मी हसलो, तेव्हा त्यांनी सरळ पोलिसांनाच फोन लावला. एक पोक्त हवालदार तीन जिने चढून आला. मी शरमेने कठड्यापाशी उभा. त्याने वही पहिल्या पानापासून वाचली, वर पाहिलं आणि म्हणाला, "बाबूजी, ये तो शुक्र तारा है. पर टाइम आपने बिल्कुल सही लिखा है." मग त्यांच्याशेजारी बसून निवांत चहा प्यायला. त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं. आभार मात्र मी आता मनोमन मानतो. कारण त्या संध्याकाळची नोंद मी परवा पहिल्यांदा वाचली: "शुक्र निघाला. चौकशी पूर्ण. पोलीस हसले नाहीत."