आमाच्या शालीचा काठ

ही गोष्ट अर्धी तू ऐकली असशील. माझ्याच तोंडून. ऑफिसच्या डब्याला, कुणाच्या हळदीला, जिथे चार माणसं जमतात तिथे मी ती सांगते, आणि चांगली रंगवून सांगते. नेपाळातल्या एका म्हातारीने हातमागाची म्हणून शाल विकायला काढली, आणि भिवंडीच्या पोरीने काठ उलटा करून तिची लबाडी जागच्या जागी पकडली. लोक हसतात. बाबा होते तोवर तेही हसायचे, म्हणायचे, जॉबरची पोरगी आहे, तिला काय फसवता.

उरलेली अर्धी मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. आईला नाही, नवऱ्याला नाही. आज तुला सांगते — आणि आधीच सांगून ठेवते, मला समजून घ्यायच्या भानगडीत पडू नकोस. समजून घेणाऱ्या, मायेने बघणाऱ्या माणसांचा मला राग येतो. हे सगळं त्या रागातूनच झालंय.

बाबा भिवंडीत, नारपोलीला जॉबर होते, म्हणजे बिघडलेले लूम दुरुस्त करणारे. ज्या शेठच्या कारखान्यात ते काम करायचे त्याची बायको दरवर्षी दिवाळीच्या आधी आम्हाला बोलवायची आणि तिच्या मुलींचे जुने फ्रॉक द्यायची. चांगले असायचे. मी ते घ्यायचे, आई कोपराने ढोसायची, मग मी ‘थँक्यू आँटी’ म्हणायचे. ती माझ्या गालाला हात लावायची. तो हात मला अजून आठवतो — आणि अजून चीड येते. तिने काय वाईट केलं होतं? काहीच नाही. तीच तर अडचण होती.

बाजारात मात्र मी वाघीण होते. आमच्या घरी भाव न करता आणलेली भाजी आईला पचायची नाही. निम्म्याने मागायचं, वस्तू खाली ठेवायची, चालायला लागायचं आणि मागे वळून बघायचं नाही. हाक येतेच. घासाघीस करणारी दोन माणसं एकाच जमिनीवर उभी असतात, असं मला वाटतं. त्याला जास्त हवंय, मला कमी द्यायचंय, कुणी कुणावर उपकार करत नाही. फुकट देणारा मात्र वर उभा राहतो.

नोकरीला लागल्यावर ऑफिसातल्या दोघींबरोबर नेपाळला गेले. आईसाठी लुंबिनी केलं, मग पोखऱ्याच्या वर, डोंगरात. आपला रुपया तिथे गेला की दीड रुपयाहून मोठा होतो, आणि आपली छातीही तेवढीच फुगते. आयुष्यात पहिल्यांदा मी समोरच्यापेक्षा श्रीमंत होते. तुला वाटेल, गरिबीतून आलेल्या मुलीला तिथली गरिबी बघून वाईट वाटलं असेल. वाटलं नाही. बरं वाटलं.

गावाच्या टोकाला एका बाईचं घर होतं. पाहुण्यांना राहायला एक खोली, ओसरीवर एक जुना हातमाग, शेजारी विकायच्या शालींचा ढीग. सगळे तिला आमा म्हणायचे, म्हणजे आई. पत्रा गळत होता. मुलगा आखातात गेलेला आणि त्याचे पैसे यायचे बंद झालेले. घरात ती आणि तिची मुलगी सुशीला, आणि गोठ्यात एक म्हैस. आमाने खोलीचं भाडं सांगितलं. मी निम्मं सांगितलं, आणि त्यात जेवण धरलं. ती हसली, नाही म्हणाली. मी पाठीवर बॅग टाकली आणि निघाले. पिंपळाच्या पारापर्यंत मागे बघितलं नाही. हाक आली. मैत्रिणींनी माझ्या हातावर टाळी दिली. आदल्या दिवशी पोखऱ्यात तेवढ्या पैशांची आम्ही कॉफी प्यायलो होतो.

दुसऱ्या दिवशी माझं पोट बिघडलं. साधंसुधं नाही — उठता येईना. मैत्रिणींचं पुढचं ठरलेलं होतं, त्या वर गेल्या. मग मी आणि आमा. तिने माझी ओकारी काढली. माझे कपडे धुतले, आतले सुद्धा. ओव्याचा काढा चमच्याने पाजला. स्वतःची गोधडी मला घातली आणि स्वतः खाली, माझ्या खाटेला लागून झोपली, मी कण्हले की उठायची. मला बरं वाटायला लागलं तेव्हा मी पाकीट काढून विचारलं, या सगळ्याचे किती झाले? तिने माझा हात पाकिटासकट बाजूला सारला.

“बेटी से कौन पैसा लेता है,” ती म्हणाली, आणि माझ्या गालाला हात लावला.

दुसरी कुणी असती तर रडली असती. मी आतल्या आत पेटले. जिच्या डोक्यावर धड पत्रा नाही ती मला फुकट देणार? मला? आणि मी पुन्हा तशीच उभी राहणार — थँक्यू म्हणत?

म्हणून मी शाल उचलली. शाल मला नको होती. मला तिच्याशी भाव करायचा होता, तिला खाली, माझ्या बरोबरीच्या जमिनीवर आणायचं होतं. तिने किंमत सांगितली, म्हणाली, हाताने विणलीय, घरच्या मागावर. मी निम्म्याने मागितली. तिने मान हलवली. मी पारापर्यंत जाऊन आले. हाक आली नाही. सेवा फुकट, औषध फुकट, गोधडी फुकट, पण शालीवर एक पैसा कमी नाही! हसत होती, पण हलत नव्हती. आता वाटतं, तिच्या घरात तेवढीच एक गोष्ट विकायची होती, बाकीचं विकायचं नव्हतं. पण हे आता वाटतं.

तेव्हा मी शालीचा काठ बघितला. हातमागावर आडवा धागा काठाशी जातो, वळतो आणि परत येतो. आमच्याकडच्या नव्या लूमवर तो काठाशी कापला जातो, बारीक झिपऱ्या राहतात. त्या शालीला झिपऱ्या होत्या. ओसरीवरच्या मागाकडे नजर टाकली तर त्यावर धूळ. सापडली, मला वाटलं. सापडली एकदाची.

इथपर्यंत तू ऐकलंयस. इथे मी नेहमी सांगते की मी तिला तोंडावर सुनावलं आणि ती खजील झाली. खोटं आहे. मी एक शब्द बोलले नाही. पूर्ण किंमत दिली. निघताना तिने मला टिळा लावला, गळ्यात झेंडूची माळ घातली, आणि मी तिला मिठी मारली. मग बसमध्ये बसून काठाचे फोटो काढले.

घरी आल्यावर, नारपोलीत, पंख्याखाली बसून मी इंटरनेटवर तिच्या घराबद्दल लिहिलं. लोक अशा ठिकाणी जाण्याआधी जिथे वाचतात, तिथे. फसवणूक, पॉवरलूमचा माल, हे घ्या फोटो. भिंतीपलीकडे लूम खडखडत होते. आमच्या गल्लीतून बिननावाचं कापड बाहेर जातं आणि कुठे कुठे जाऊन हातमागाचं होतं, हे बाबांना ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं. त्यावरच तर आम्ही जेवलो. तरी मी लिहिलं. आई कुणाबद्दलही म्हणते ना, खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत — मी नुसते मोजले नाहीत, गावभर सांगितले.

पण ते खरं तरी होतं. तेवढ्यावर थांबले असते तर आज तुझ्याशी बोलायचं कारण नव्हतं.

कुणीतरी अनोळखी माणसाने खाली उत्तर लिहिलं. शाल कुठली का असेना, या बाईने माझ्या बायकोचा ताप उतरेपर्यंत रात्री तिच्या उशाशी बसून काढल्या, असं घर मिळत नाही. बऱ्याच जणांना ते आवडलं. माझ्या काठाच्या फोटोकडे कुणी बघेना. म्हणजे ती खोटारडी ठरूनही चांगलीच राहिली? आणि मी — खरं बोलून — कोण ठरले?

मग मी आणखी एक ओळ लिहिली. मी आजारी पडले असताना माझ्या बॅगेतून पैसे गेले.

माझ्या बॅगेतून काहीही गेलं नव्हतं.

ही ती ओळ. एवढ्यासाठी इतका फेरा घेतला. तेव्हा ती लिहायला क्षणही लागला नव्हता.

दोनेक महिन्यांनी सुशीलाचा मेसेज आला. भांडण नव्हतं त्यात. पाहुणे येणं बंद झालंय, गाईड लोक आता दुसऱ्या घरी नेतात. आमा म्हणते, ‘त्या दिवसांत घरात बाहेरचं कुणी आलंच नव्हतं, तर मीच तिच्या वस्तू आवरताना पैसे कुठेतरी ठेवले असतील आणि विसरले असेन, आता माझं डोकं चालत नाही.’ सगळं घर दोनदा उलटं केलं. “कितने थे दीदी, बता दो. आमा खाना नहीं खाती.”

म्हातारी माझ्या खोट्यासाठी स्वतःची आठवण तपासत होती. तेव्हा एक वाक्य पुरलं असतं, सुशीला, पैसे सापडले. इतकंच. खोटं कबूल करायची सुद्धा गरज नव्हती. मी टाईप केलं. मग पुसलं. सापडले म्हटलं तर सगळ्यांसमोर मी खोटी पडते, तो माणूस जिंकतो — असं वाटलं. खरंच असं वाटलं, एवढं क्षुद्र. मग मी आकडा लिहिला. फार मोठा नाही, कुणाचा विश्वास बसणार नाही म्हणून. फार लहान नाही, कुणी मनावर घेणार नाही म्हणून.

बरेच दिवस काही झालं नाही. मग एका सकाळी आई दारातून आत आली.

“गो, कोन नेपाली मानूस हाय बाहेर, तुजा नाव घेतंय.”

इथे जवळच, मानकोलीच्या एका गोदामावर रात्रपाळीचा वॉचमन. आमाच्या गावचा. आमाच्या वहीत मी लिहिलेला पत्ता घेऊन, ड्युटी संपवून थेट आला होता. नाव सांगितलं त्याने, माझ्या लक्षात राहिलं नाही. खुर्चीच्या कडेवर बसला, आईने दिलेला चहा बशीत ओतून प्यायला. मग शर्टाच्या आतून रुमालाची पुरचुंडी काढली. आमाने म्हैस विकली, तो म्हणाला, पैसे गावावरून माझ्याकडे पाठवले. उशीर झाला त्याबद्दल तिने माफी मागितलीय.

“गिन लीजिए दीदी.”

मी मोजले. आई समोर उभी होती, त्याच्यासमोर, तिच्यासमोर मी एकेक नोट मोजली. आईने मला मराठीत विचारलं, कसले पैसे? मी म्हटलं, तिथल्या एका बाईला अडचणीत दिले होते. इतक्या सहज आलं तोंडात.

थोडे कमी भरले. त्याने मान खाली घातली, म्हणाला, बाकीचे माझ्या पगारातून महिन्याभरात देतो, फक्त ते लिहिलेलं काढून टाका. मी त्याच्यासमोरच फोनवर काढून टाकलं. मी विचारलं, आमाकडे आता पाहुणे येतात का? नाही, तो म्हणाला, पाटी उतरवली, सुशीला घरकामाला कुवेतला गेली.

आणि मग मी काय केलं? मी म्हटलं, “रहने दो बाकी के.”

तो खुर्चीतून उठला. त्याने मला हात जोडले. “आपका दिल बड़ा है दीदी,” म्हणाला, आणि त्याचे डोळे भरले. मी त्याला थांबवलं नाही. त्या क्षणी मला कसं वाटलं ते सांगायलाच हवं, नाहीतर हे सगळं सांगून उपयोग काय — मला बरं वाटलं. अगदी मनापासून बरं वाटलं.

त्या रविवारी आईने विहारात सगळ्या बायकांना सांगितलं, माझ्या लेकीने एका गरीब बाईचं देणं सोडून दिलं. एकीने माझे दोन्ही हात धरले. मग आम्ही ओळीत बसलो आणि पंचशील म्हटलं. न दिलेलं घेणार नाही, खोटं बोलणार नाही. माझा आवाज खाली आला नाही. अजूनही येत नाही.

ते पैसे मी परत पाठवले नाहीत. खर्च झाले. कशावर, ते आता आठवत नाही.